आपोआप मेलेले रेडकू

ठाण्यास आमचे घर खाडीच्या अंगाला, किरिस्तावांच्या वाडीला लागून होते. मी कचेरीत आकडेमोडीचे काम करी, मुलाबाळांचा धनी होतो. तरी घरात शब्द थोरल्या बंधूंचा चाले. त्यांचा कटाक्ष आहारावर. शेजारच्या वाडीत नाताळाला डुक्कर मारीत. त्याची किंकाळी आली की बंधू खिडकी लावून घेत आणि म्हणत, "आपल्या चुलीवर आजवर जीव शिजलेला नाही." हे अक्षरशः खरे होते.

विकतच्या दुधात पाणी फार, म्हणून एका पावसाळ्यानंतर कल्याणच्या बाजारातून गाभण म्हैस आणली. ती व्याली, पहिल्या चिकाचा खरवस झाला, वेलदोडा घालून तो आळीत वाटला. झाला मात्र रेडा.

धार काढायला येणारा गवळी त्याला उलटापालटा करून म्हणाला, "पारडी असती तर पाजली असती. याला पाजून काय, गाडीला जुंपणार का कचेरीत पाठवणार?"

"मारायचे नाही," बंधू म्हणाले.

"मारतंय कोण, महाराज? याला काहीच करायचं नाही. आपोआप जातो."

ही रीत एकट्या आमच्या घरची नव्हती. दुभते असलेल्या पुष्कळ घरांत ती होती. रेडकू आईजवळ न्यायचे. ते दोन ढुसण्या देई, म्हैस पान्हा सोडी, आणि तोंडात पहिला घोट जायच्या आत गवळी दावे खेचून त्याला विहिरीमागच्या शेवग्याला बांधून येई. मग सगळे दूध चरवीत. आईला ते दिसू नये एवढी काळजी घ्यायची. पाण्याची बादली जवळ ठेवली होती, म्हणजे दोष नको.

आमची धाकटी बहीण विधवा होऊन आमच्याकडेच असे. एकवेळचे जेवण, त्यावर वाटीभर दूध, एवढाच तिचा आहार. तिने रेडकाला पेज बोटांनी चाटवून पाहिली. त्याला हगवण लागली. दुसऱ्या दिवशी ती बंधूंपुढे येऊन उभी राहिली.

"दादा, माझ्या वाटचं दूध त्याला सोडा."

बंधू पोथीतून मान वर न करता म्हणाले, "तुझ्या वाटचं? या घरात तुझी वाटणी कधी झाली?"

ती आत गेली. तेव्हा मी मध्ये पडलो. चार सडांपैकी एक सड त्याला दिला तरी उरलेल्या तिहींत घरचे भागून ताकालाही पुरते, हे मी त्यांना मांडून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "हिशेब बरोबर आहे," ते म्हणाले. "पण आज एक सड, उद्या दोन. आणि वाढवून त्याचे करायचे काय?"

त्याचे उत्तर त्याच संध्याकाळी कुंपणाशी आले. शेजारचा किरिस्ताव शेतकरी, तोच डुक्कर मारणारा, टोपी काढून म्हणाला, "भटजीबावा, तो रेडा मना द्या. माजे म्हशीचं पोर मेलंय, ती दूद द्याला नाय बघं. याला तिला लावतो. मोठा झाला का चिखलान नांगराला चालंल."

बहीण ओसरीच्या दाराआड होती. मला तिच्या बांगड्या नसलेल्या हाताची फक्त बोटे दारावर दिसत होती.

"नांगराला चालेल, आणि म्हातारा झाल्यावर?" बंधूंनी विचारले.

शेतकरी हसला. "म्हातारा झाल्यावर बगू. तवर चरंल तरी."

"खाणाऱ्याच्या हातात जीव दिल्याचे पाप मी घेणार नाही."

"आवो, खाईन तवा खाईन. तुमी तर आताच मारताव."

"आम्ही त्याला बोटही लावलेले नाही," बंधू म्हणाले, आणि तेही अक्षरशः खरे होते.

तिसऱ्या दिवशी रेडकाचा आवाज गेला. ते शेवग्याची साल चाटत असे, मग मातीच चाटू लागले. बहिणीने हात पुढे केला की बोटे चोखायचे. शेवटी चोखण्याचीही ताकद राहिली नाही आणि एका सकाळी कावळ्यांनी डोळ्यांपासून सुरुवात केलेली तिला आढळली. बंधूंनी स्नान केले.

आता म्हैस पान्हा सोडीना. गवळ्याने कातडे सोलवून आणले, मिठागराचे मीठ चोळून वाळवले, आत पेंढा भरून शिवले. बंधूंनी त्यावर गोमूत्र शिंपडून ते गोठ्यात घेऊ दिले. म्हैस बहिणीला ओळखते, म्हणून धारेच्या वेळी ते सोंग आईपुढे धरायचे काम तिच्याकडे आले. म्हैस हंबरून चाटू लागे, चरवी भरे. बहिणीने दूध सोडले. "नखरे," बंधू म्हणाले, आणि तिची वाटी मुलांना वाटू लागले. मीही दूध सोडले. मला त्यांनी काही म्हटले नाही.

नाताळाला वाडीतून किंकाळी आली. बंधू उठून खिडकी लावू लागले, तोच बहिणीने गज धरला.

"राहू द्या, दादा. ऐकलंत? संपलंसुद्धा."

त्यांनी तिचा हात बाजूला करून खिडकी लावली.

दुसऱ्या दिवशी धारेला मी गोठ्यात होतो. चाटून चाटून पोटाजवळची शिवण उसवली होती. म्हशीने जीभ आत घातली, थोडे हुंगले, आणि पेंढा ओढून खाऊ लागली. बहीण ते सोंग दोन्ही हातांनी धरून तशीच उभी. गवळी धार काढीतच होता.

बंधू दारातून पाहत होते. "जनावराला काय कळते," ते म्हणाले. मग गवळ्याला सांगितले, "पेंढा पुन्हा भरून घे. या वेळी शिवण पक्की घाल."