किडेमास्तरांचा नवा भुंगेरा

गल्लीतल्या शिंप्याला सगळे किडेमास्तर म्हणत. एका नवरदेवाचा कोट लग्न उरकल्यावर तयार झाला, कारण ऐन घाईत दिव्यावर भुंगेरा येऊन बसला होता. भुंगेरे पकडून बटणांच्या खणात जपायचे, हा मास्तरांचा नाद. आणि लोण्याशेजारी किड्यांच्या बाटल्या, हा त्यांच्या बायकोचा संसार.

"एका भुंगेऱ्याला तुझं नाव देईन," हे वचन तिला लग्नापासून मिळालं होतं. सहल नाही, दागिना नाही, भुंगेरा! शास्त्रात नाव द्यायची रीतही तिला तोंडपाठ झाली होती. पूर्वी एकेका जीवाचं नाव म्हणजे अख्खं वर्णन. हाक पुरी होईतो प्राणी पसार. मग पावणेतीनशे वर्षांपूर्वी एका पंडितानं कात्री चालवून दोनच शब्द ठेवले. आधी कूळ, मग स्वतःचं नाव. आणि पहिल्यांदा दिलेलं नावच खरं.

अखेर यंदा एक करडा, बिनशिंगाचा, कुठल्याच पुस्तकात न सापडणारा भुंगेरा हाती लागला. मास्तर बायकोला नटवून म्युझियममध्ये घेऊन गेले. तिथल्या कीटकतज्ज्ञ बाईंनी त्यावर भिंग धरलं आणि कपाटातून हिरवागार, शिंगवाला भुंगेरा काढून शेजारी ठेवला.

"मास्तर, तुमची ही याची मादी."

"अहो, दोघांत काडीचं तरी साम्य आहे का?"

"नवरा-बायकोत असायलाच हवं का? ही दोन शब्दांची रीत घालणाऱ्या पंडितांनीसुद्धा बदकाच्या नराला एक नाव दिलं होतं, मादीला दुसरं. एक नंतर खोडावं लागलं."

"मग हिचं नाव?" मास्तरांनी बायकोकडे बोट केलं.

"नराला आधीच मिळालंय. तेच मादीलाही."

"कुणाचं?" बायकोनं विचारलं.

"ज्याला तो सापडला, त्याच्या सासऱ्याचं."

"सासऱ्याचं!" मास्तर टेबलावर हात आपटून उठले. "काय हा नियम!"

"तुम्ही बसा," बायको म्हणाली. "बाई, ही कुणाला सापडली, ते तरी लिहिता ना?"

"हो, भुंगेऱ्याखालच्या चिठ्ठीवर."

"मग माझं नाव लिहा. पिठाच्या चाळणीखाली मीच धरली. हे दुकानात होते."

मास्तर खाली बसले. गोष्ट खरी होती.

"आणि मास्तरांचं?" बाईंनी विचारलं.

"हे सोबत आले होते, असं लिहा."

"तेवढी जागा नसते हो चिठ्ठीवर."

मास्तर घरापर्यंत फुगूनच चालले.