पोचा पडलेला पेला

त्या वाण्याला मी अजून माफ केलेलं नाही. लाडू चांगले झाले, तरीही नाही.

शेर-मापटी जाऊन किलो आले, तेव्हा लग्नाचे लाडू करून द्यायचं माझं काम कर्जत-खालापुरात नुकतं जम धरत होतं. ते मी एकटीनं उभं केलं होतं. लग्नघरची माणसं रवा-साखर पोत्यानं पाठवायची आणि प्रमाण किलोत सांगायची. माझ्याकडे तराजू नव्हता. एक पितळी पेला होता, एका अंगाला पोचा पडलेला. मी वाण्याकडे एकेक जिन्नस किलोभर घेतला, त्याच्यासमोरच पेल्यानं मोजला आणि घरी येऊन चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं: रवा किलोला सहा पेले, साखर पाच, बेसन आठ, चाळलं तर साडेनऊ. चाळल्यावर बेसन वाढतं कसं, यावर वाण्याचं नि माझं अर्धा तास भांडण झालं होतं.

पुढे एकदा त्याच्या पारड्याच्या बुडाला चिंच चिकटवलेली मला दिसली. मी ते भर दुकानात ओरडून सांगितलं. तेव्हापासून मला त्याची पायरी बंद झाली.

मग भिसेगावातलं एक मोठं लग्न मिळालं. हे साधलं तर तिथली पुढची लग्नंही माझीच, फसलं तर भिसेगावात तोंड दाखवायला जागा नाही. सकाळी रवा मोजायला पेला हातात घेतला, तर पोचा गायब!

"कल्हईवाला आलता, अक्का," धाकटी जाऊ खुशीत म्हणाली. "म्हटलं, तुमचा पेला बी नीट करून घ्यावा."

"अगं बये, माझी सगळी भिंत खोटी केलीस!"

तिनं भिंतीकडे पाहिलं. "भिंत तर हाय तशीच हाय."

मी वरवंटा उचलला.

"पर पोचा किती खोल पाडायचा?" तिनं विचारलं. प्रश्न बरोबर होता, म्हणून मला जास्तच राग आला. रव्याचा किलो मोजल्याशिवाय ते कळणार नव्हतं.

"कळंबच्या दुकानात जावा की. त्याचा काटा चोख हाय म्हनतात."

"चोख काय करायचाय? भिंत या चोराच्या किलोवर लिहिली आहे. किलो त्याचाच पाहिजे!"

गेले. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. वाण्यानं सगळं ऐकून घेतलं, रवा मोजणार म्हणाला, पण एका अटीवर: "सगळ्यांसमोर म्हणा, या दुकानाचा काटा खरा आहे."

जन्मात मी दुकानदारानं सांगितलेल्या भावात काही घेतलं नाही. त्याला म्हटलं, हळू आवाजात म्हणते. नाही म्हणाला. एकालाच सांगते. नाही. शेवटी भिसेगाव डोळ्यांसमोर आणलं आणि मोठ्यानं म्हटलं. मग पुढे वाकून कुजबुजले, "शेठ, चिंच मात्र तेव्हासारखीच असू द्या."

"कसली चिंच?" तो म्हणाला आणि पारड्याखाली हात घालून आला.

किलोभर रवा साडेपाच पेल्यांतच संपला. पेला फार मोठा झाला होता. वाण्यानं काट्याचं एक लोखंडी वजन दिलं, त्यानं मी पेला ठोकला. पुन्हा मोजला. गिऱ्हाइकं सौदा विसरून भोवती जमली. "अजून एक हाना, बाई!" "हळू रं, जास्ती व्हईल!" चौथ्या ठोक्याला सहावा पेला काठोकाठ भरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घाम पुसला.

तेव्हा वाणी शांतपणे म्हणाला, "वहिनी, रवा याच पेल्यानं घालणार ना?"

"हो."

"साखर? तूप?"

"सगळं यानंच."

"मग पोचा असला काय, नसला काय? प्रमाण तेच राहिलं असतं. लाडू चार जास्ती झाले असते, एवढंच."

मी पेला पदराखाली घेतला आणि पायरी उतरले.

हे त्याला मी दुकानात शिरले तेव्हाच कळलं होतं, तोंडावर दिसत होतं. आधी सांगितलं असतं तर त्याचं काय गेलं असतं? भिसेगावची पुढची सगळी लग्नं मी केली आणि प्रत्येक मांडवात आधी एकच गोष्ट सांगितली: चिंच होती. मी डोळ्यांनी पाहिली होती.