रविवारच्या वर्गाच्या दाराशी

पोंभुर्ण्याकडच्या आमच्या शाळेत पाचवीच्या मुलांकडून मी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेत असे, रविवारीसुद्धा. आकृत्यांच्या प्रश्नांत सगळ्यांच्या पुढे असायची ती तलावावर मासे धरणाऱ्या घरातली एक मुलगी. तिचे वडील दर रविवारी वर्गाच्या दाराशी येऊन बसत. फळ्याकडे नाही, माझ्याकडे बघत राहत.

एकदा मुलं घरी गेल्यावर ते म्हणाले, "बाई, सुटीच्या दिवशी काऊन शिकवून राह्यल्या? तुमाले का भेटते?"

"काहीच नाही, भाऊ. पोरगी हुशार आहे."

"राहनं फुकट, खानं फुकट. अन् पोरगी तिथंच ठेवाची. असं कोनी काऊन करन?"

शाळा सरकारी आहे, असं मी जरा तोडूनच सांगितलं. ते उठले नाहीत.

"माह्या बहिनीलेबी शिलाई शिकवतो म्हनून नेलं होतं. नेनारी बाईच होती. तुमच्यावानीच गोड बोले."

बहीण परत आली होती. पण कुठं होती, ते तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मग मी त्यांना पटवायचा नाद सोडला आणि शिकवत राहिले.

मुलगी पास झाली. वडील म्हणाले, "पह्यले मी पाहून येतो."

मीही सोबत गेले. वसतिगृहाच्या अधीक्षक बाईंनी चहा मागवला. वडिलांनी कपाला हात लावला नाही. थेट स्वयंपाकघरात जाऊन भाताच्या गंजावरचं झाकण उचललं, मुलींच्या खोल्यांची दारं लावून-उघडून पाहिली. मग आम्हा दोघींना लांबच थांबायला सांगून नळावर कपडे धूत असलेल्या मुलींशी बराच वेळ बोलले.

परतीच्या एसटीत गोंडपिपरी मागे पडल्यावर ते म्हणाले, "कडी आतून लागते. पोरी मले पाहून गप नाई झाल्या. जाऊ द्या तिले."

मुलगी गेली. काही महिन्यांनी अधीक्षक बाईंचा फोन आला. हा माणूस न कळवता कधीही येतो, मुलीला बाजूला नेऊन विचारपूस करतो, त्याचा आमच्यावर विश्वास नाही का, असं त्या विचारत होत्या.

"नाही," मी म्हणाले. "माझ्यावरही नाही. येऊ द्या त्यांना."