ठिगळांची गाडी

गाडी आमच्या दारात आली ती बैलांनी ओढत. पुढं शेजारच्या काकांची बैलजोडी, मधे पेंढ्याची गाडी आवळायचं जाडजूड चऱ्हाट, आणि मागं ती. बाबा स्टेअरिंग धरून आत ताठ बसलेले, डोक्यावर ड्रायव्हरची टोपी, चेहरा असा की मागच्या सीटवर अजून शेट बसलाय. सगळी वाडी रस्त्यावर आली होती आणि सगळी वाडी हसत होती. मी शिलाई मशीनवरून उठून दारात आले, बघितलं, आणि पुन्हा आत जाऊन बसले. कुणाच्यातरी ब्लाउजला उलटी बाही जोडली ती त्याच दिवशी.

बाबा लोधिवलीजवळच्या एका बंगल्यावर ड्रायव्हर होते. मला कळायला लागलं तेव्हापासून होते. शेट मुंबईचा. सत्तरच्या दशकात त्यानं बंगला विकला आणि इकडचं येणंच बंद केलं. जाताना बाबांच्या हातावर पैसे ठेवायच्या ऐवजी त्यानं जुन्या विलायती गाडीची चावी ठेवली. "इतकी वर्षं तूच चालवलीस, आता तुझीच," म्हणाला. ऐकायला किती गोड! नवी गाडी घेतल्यापासून शेट स्वतः त्या गाडीत बसला नव्हता. ती त्यानं मागच्या शेडमधे ढकलली होती, आणि त्या शेडला एका बाजूनं भिंतच नव्हती. आमच्याकडचे पावसाचे चार महिने काय असतात ते खालापुरातल्या कुठल्याही पत्र्याला विचारा.

बाबा तेवढ्यातही महिन्या-पंधरा दिवसांनी शेडमधे जायचे, इंजिनात तेल घालायचे, पुढून हँडल मारून ते फिरवून ठेवायचे. त्यामुळं इंजिन सुरू होत नसलं तरी आतून जिवंत होतं. बाकी सगळा आनंदीआनंद. दार उघडलं की बिजागरीतून लाल भुकटी गळायची. मागच्या सीटखालचा पत्रा इतका गेलेला की आत बसून खालचं गवत मोजावं. आमची एक कोंबडी पहिल्याच दिवशी दारातून आत गेली आणि बुडातून बाहेर आली.

"काय रं, इतक्या वरसांच्या चाकरीचं शेटनं गंज दिला व्हय तुला?" काका बैल सोडता सोडता म्हणाले. काका वाईट माणूस नव्हता. भातशेतीवाला, खाऊनपिऊन सुखी, आणि जीभ अशी की तिला लगाम नाही. पण ते बोलणं बाबांना लागलं. त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली आणि ते ओट्यावर जाऊन बसले.

त्या दिवसापासून आमच्या घरात एकच विषय, आणि तो कुणी काढायचा नाही. गाडी उभी राहिली तर शेटनं बाबांची कदर केली. गाडी भंगारात गेली तर शेटनं बाबांना मूर्ख बनवलं, आणि बाबा इतकी वर्षं मूर्खासारखे त्याच्यासाठी दार उघडत राहिले. गाव असंच म्हणणार होतं. गावाचं सोडा हो, बाबासुद्धा मनात तेच म्हणत होते. ते जेवायचे कमी झाले तेव्हा मला ते कळलं आणि मला शेटचा असा राग आला की त्या रागात मी दोन सुया मोडल्या.

मी खोपोलीला जाऊन घाटाच्या पायथ्याच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला घेऊन आले. बोरघाटात बंद पडलेल्या निम्म्या गाड्या त्याच्याच दारात यायच्या, त्यामुळं त्याचं नाक कायम वर. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, पायानं एक ठोकर दिली. मडगार्डचा तुकडा त्याच्या चपलेवर पडला.

"बाई," तो म्हणाला, "ही गाडी गंजलेली नाही. गंजालाच गाडीचा आकार आलाय. हिच्यावर घालाल तेवढ्या पैशात दुसरी येईल. भंगारवाल्याला बोलवा."

बाबा ओट्यावरून ऐकत होते. मिस्त्री गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "बोलव गं पोरी भंगारवाल्याला." आवाज असा की मला वाटलं त्या मिस्त्रीच्या मागं धावत जावं आणि त्याच्या पाठीत दोन घालाव्यात.

भंगारवाला टेंपो घेऊन आला आणि परत गेला. कारण आईची कोंबडी. तीच ती, बुडातून बाहेर आलेली. खुडूक होऊन ती ड्रायव्हरच्या सीटखाली अंड्यांवर बसली होती आणि आई गाडीच्या दारात हात पसरून उभी.

"कोंबडी हलवायची नाय. हलवली का अंडी नासतात."

"अवो मावशी, मी टोपलीत अलगद ठेवतो तिला," भंगारवाला म्हणाला.

"तुला बसवू का टोपलीत? पिल्लं निघाल्यावर ये."

आमच्याकडं कोंबडी बसवली की अंड्यांजवळ लोखंडाचा तुकडा ठेवतात, म्हणजे गडगडाटानं अंडी नासत नाहीत. आई भंगारवाल्याच्या पाठीमागून ओरडून सांगत होती की आमच्या कोंबडीला तर सगळं घरच लोखंडाचं मिळालंय, असं नशीब कुणाचं असतं! तो कपाळावर हात मारून गेला. बाबा किती दिवसांनी जरासे हसले.

तर अशा रीतीनं गाडीला तीन आठवडे मिळाले. कोंबडीला दाणापाणी घालायचं काम माझ्याकडं आलं. रोज मी सीटखाली वाकायची, ती मला टोचायची, मी तिला शिव्या द्यायची. एकदा तिच्या चोचीतून हात वाचवताना माझं बोट सरळ पत्र्यातून आरपार गेलं. मला इतका संताप आला की मी तो पत्रा धरला आणि टराटरा ओढायलाच लागले. ये म्हणावं, किती येतोस! पापुद्र्यावर पापुद्रा निघाला, वीतभर निघाला, हातभर निघाला. आणि मग थांबला. मी ओढतेय आणि तो येईना. पुढं जाड लोखंड होतं.

आता माझा धंदा शिवणकामाचा, त्यातही सगळ्यात जास्त काम रफूचं आणि ठिगळांचं. कापड घेऊन आलेली बाई भोक किती मोठं ते दाखवत बसते. मी भोकाकडं बघतच नाही. मी भोकाच्या कडेचं कापड दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघते. कड विरलेली असली की टाका धरत नाही, ओढला की शेजारी नवं भोक पडतं. असं कापड मी परत देते. कड घट्ट असली तर भोक परातीएवढं असेना, ठिगळ बसतं. मिस्त्रीनं आमच्या गाडीची भोकं बघितली होती. कडा त्यानं बघितल्या नव्हत्या.

मी कपडे आखायचा खडू आणला आणि गाडीखाली शिरले. जिथं पत्रा विरलेला तिथं फुली, जिथं घट्ट तिथं रेघ. आई मधेच खाली डोकावली. "काय करतेस गं?" मी सांगितलं. ती आत गेली आणि आमटीची पळी घेऊन आली. बाजारात मडकं घेताना वाजवून घेते तशी ती लोखंड वाजवत सुटली. मडगार्ड, भद्द. दाराची खालची कड, भद्द. सीटखाली, भद्द आणि वर थोडी भुकटी. मग तिनं खालच्या चासीवर, म्हणजे सगळी गाडी जिच्यावर बसलेली असते त्या लांब सांगाड्यावर, पळी हाणली. टण्ण! पुढं टण्ण, मधे टण्ण, मागं टण्ण. आई माझ्याकडं बघून हसली आणि पळी पदराला पुसली.

मी धावत ओट्यापाशी गेले. केसांत गंज, तोंडावर गंज. "बाबा, कापड चांगलं हाय!"

"कसलं कापड?"

"गाडीचं! भोकं मोठी हायत, पण कडा घट्ट हायत. ठिगळ बसतंय!"

बाबा उठले, पहिल्यांदाच गाडीखाली सरपटत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि ते म्हणाले, गंज गेला डोळ्यात. गेला असेल. माझ्याही गेला.

नव्या शिलाई मशीनसाठी मी पैसे साठवत होते. ते गाडीत घालायचं मी त्याच दिवशी ठरवलं, आणि मला एकदाही वाईट वाटलं नाही, उगाच का खोटं सांगू. पैसे कमी होते म्हणून डोकं चालवावं लागलं. इंजिन बाबांनी स्वतः उघडलं. मी जुन्या पेपरांवर एकेका भोकाचं माप घेतलं, ब्लाउजचं घेते तसंच, शिवण धरायला दोन बोटं जास्त सोडून. रसायनीच्या कारखान्यांची रिकामी पिंपं विकत मिळायची, त्यातलं एक उघडून, धुऊन, ठोकून सपाट केलं. माझे कागद त्यावर ठेवून पत्रा कापला, आणि खालापुरात फाटकं-खिडक्या जोडणारा एक वेल्डर होता, त्यानं आमच्या दारात येऊन तुकडे जोडून दिले. फक्त एक घोटाळा झाला. मागच्या सीटपुढच्या तुकड्याची छापील बाजू त्यानं वर ठेवली. त्यावर कवटी आणि दोन हाडं, खाली ठळक अक्षरांत 'धोका'. आई कित्येक वर्षं त्या कवटीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून बसायची, म्हणायची, बिचाऱ्याला तुडवायचं कशाला.

रंग त्याच वेल्डरकडचा उरलेला, फाटकाचा हिरवा. सीटना मी गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड शिवलं. वाडीनं लगेच नाव पाडलं, 'ठिगळांची गाडी'. पाडा म्हटलं. पिल्लं केव्हाच निघून अंगणभर हिंडत होती आणि भंगारवाला दुसऱ्यांदा येऊन चहा पिऊन गेला होता.

बाबांनी जाहीर केलं की पहिली फेरी बोरघाट चढून खंडाळ्याला. आई म्हणाली चौक गावापर्यंत जाऊ की. बाबा म्हणाले, "घाट न चढलेल्या गाडीला गाडी म्हनत नाय." काका चऱ्हाट खांद्यावर टाकून हजर.

"हे कशाला?" मी विचारलं.

"गाडी ज्यानं आली त्यानंच परत आनायला नको? बैलांना वैरण घालून आलोय."

आणि सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसले, चऱ्हाट मांडीवर! त्याआधी त्यांनी बंपरला लिंबू-मिरची बांधली होती. आमचं पंचशील घेतलेलं घर, बाबांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण ते म्हणाले, राहू दे, त्याचं मन मोडू नको.

खालापूर मागं पडलं. खोपोलीच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला एक कोरी करकरीत गाडी उभी, बॉनेट उघडं, आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला एक मुंबईचा माणूस हात दाखवत होता. बाबांनी गाडी थांबवली, वाकून बघितलं आणि म्हणाले, "हितं नाय होनार. गॅरेजला न्यायला लागंल. टोचन करतो." मग वळून काकांना म्हणाले, "काढ रं तुझं चऱ्हाट."

काकांचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते खाली उतरले, आणि आम्हाला ओढून आणायला घेतलेलं चऱ्हाट स्वतःच्या हातानं आमच्या मागच्या बंपरला बांधलं. पुढं आमची हिरवी ठिगळं, मागं ती चकचकीत गाडी, अशी वरात घाटाच्या पायथ्याच्या त्या गॅरेजपुढं जाऊन उभी राहिली. मिस्त्री पाना हातात घेऊन बाहेर आला आणि तसाच थांबला. मी काच खाली केली. बोलायचं किती ठरवलं होतं! पण तोंडातून एवढंच आलं, "मिस्त्री, गिऱ्हाईक आणलंय." आई मागच्या सीटवर पदर तोंडाला लावून हसत होती.

मग घाट. वळणावळणावर ट्रक धापा टाकत उभे, ड्रायव्हर डबे घेऊन पाणी शोधतायत. आमचं इंजिन एका सुरात. ज्या धनगरानं या घाटाची वाट दाखवली त्याचं देऊळ आलं तेव्हा बाबांनी एकदा हॉर्न वाजवला. देव म्हणून नाही, ते म्हणायचे, वाट दाखवणाऱ्याला हाक मारावी म्हणून. काका सोडून आणलेलं चऱ्हाट दोन्ही हातांनी धरून पुढच्या वळणाकडं बघत होते. मी तर जीव मुठीत धरून प्रत्येक शिवणीचा आवाज ऐकत होते आणि एकही उसवली नाही.

वर खंडाळ्याला मोकळ्या जागी गाडी थांबली. काका उतरले, बॉनेटवर हात ठेवला. चटका बसला नाही. दुसरा हात ठेवला.

"शेटला कळलंच नाय रं, त्यानं काय दिलं ते," ते म्हणाले.

"कळलं असतं तर दिली नसती," बाबा म्हणाले, आणि असे हसले, असे हसले, की खांदे हलायला लागले. किती वर्षांनी बघत होते मी ते हसणं. मला ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं. मी काकांचं चऱ्हाट उगाचच पुन्हा पुन्हा गुंडाळत बसले.

मग बाबांनी टोपी सारखी केली, गाडीला वळसा घातला, शेटच्या बायकोसाठी उघडायचे तसं मागचं दार उघडलं, आणि टोपी काढून काखेत धरली. इतक्या वर्षांत आई त्या सीटवर पहिल्यांदाच बसली होती. तिनं कवटीच्या दोन बाजूंचे पाय हलवले नाहीत. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडावरून हात फिरवला आणि मागं टेकली.

"अवो, घाई काय हाय?" ती म्हणाली. "बसू द्या की जरा."

बाबा दार धरून उभे राहिले.