आडवं घाटघर

पेंटरकाका रेघ ओढताना श्वास घेत नसत. नारायणगावातल्या किती जीपांच्या दारांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर त्यांच्या रेघा होत्या. एकीलाही सांधा नाही. आधी एक डोळा मिटायचा, छाती भरायची, आणि ब्रश निघाला की थेट दुसऱ्या टोकाला. मग श्वास सोडत म्हणायचे, "मधी तुटली की ती रेघ न्हाई, दोन तुकडं झालं."

फ्लेक्सचे बोर्ड आले आणि काका रिकामे झाले. तेव्हा रिकामी माणसं माझ्या कॉम्प्युटर क्लासात येऊन बसायची, हे ठरलेलंच. काका मात्र काखेत कागदाची भलीमोठी गुंडाळी घेऊन आले. उलगडली तर क्लासाच्या दारापासून माझ्या टेबलापर्यंत त्यांचं गाव, घाटघर! डोंगररांग, भाताची खाचरं, ओळीनं घरं. कंबर मोडल्यापासून त्यांची आई इकडे नारायणगावात होती आणि दिवसभर गावाच्याच आठवणी काढत बसायची.

"मॅडम, पडद्यावर आडवं सरकंल असं करा," काका म्हणाले. "माउस तिच्या हातात द्यायचा. तिचं गाव तिचं तिनं चालून बघावं."

मी ते चित्र स्कॅनरवर तुकड्यातुकड्यानं घेतलं, जोडलं आणि माउसबरोबर सरकणारं वेबपान केलं. काकांनी माउस धरला, एक डोळा मिटला, श्वास रोखला. चित्र धक्के खात निघालं. "ही काय घाटातली जीप हाय व्हय?" धक्के काढले, तर माउस थांबताच चित्र खाडकन थांबतं, तेही चालेना. "झोपाळा कसा थांबतो? तसं थांबाया पायजे." डोक्याला नुसता ताप. शेवटी जमलं: माउस नेला तेवढं अंतर एकदम कापायचं नाही, दर क्षणी उरलेल्यातलं थोडं थोडं कापायचं. चित्र अलगद सरकून अलगद थांबलं. काकांनी श्वास सोडला, तेव्हा कळलं की मीही रोखून धरला होता.

आईंना रिक्षातून आणलं. काकांनी त्यांचा हात माउसवर ठेवला. "ही हीर... ह्यो आपला गोठा..." म्हातारी खुदुखुदु हसत गावातून निघाली. मग हात थांबला. त्या मागं गेल्या, पुन्हा पुढं आल्या.

"धाकल्याचं घर कुठंय रं?"

धाकला म्हणजे काकांचा पाठचा भाऊ. शेताच्या बांधावरून भांडण झालेलं, सहा वर्षं एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही. रागाच्या भरात काकांनी त्याचं घरच काढलं नव्हतं. दोन्हीकडची घरं शेजारी आणून बसवली होती, आणि हात असा की सांधा मलाही दिसला नव्हता.

"पडलं का त्याचं घर?" आईंनी विचारलं.

"न्हाई आई. हाय."

"मग मला दाव." त्यांनी माउस सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी काका जीपमध्ये बसून घाटघरला गेले. मला म्हणाले, "समोर बसल्याबिगर घर काढता येत न्हाई." जसं काही तेवढ्यासाठीच चालले होते. तीन दिवसांनी परतले ते घराचं चित्र घेऊन, आणि मागोमाग धाकटा, हातात आईसाठी नाचणीचं पीठ. दोघंही माझ्या दारात चोरासारखे उभे.

मी वैतागले. मधे एक घर घालायचं म्हणजे पुढचं सगळं गाव सरकवायचं.

"सरकवा की," काका म्हणाले. "आन मॅडम, तिथनं जरा सावकाश जाऊ द्या."

इतके दिवस एकसारखं चालावं म्हणून माझा जीव खाल्ला, आणि आता हे! पण केलं. आई पुन्हा आल्या तेव्हा दोन्ही मुलं खुर्चीमागं उभी होती. त्या घरापाशी चित्र हळू झालं. आईंनी पडद्याकडं बघितलंच नाही; मान वळवून धाकट्याचा हात धरला, तो सोडेचनात. पुढचं गाव बघायचं त्या दिवशी राहूनच गेलं.

आता आई नाहीत, काकाही नाहीत. मला दोघांची फार आठवण येते. पान मी जपून ठेवलंय. नव्या कॉम्प्युटरवरही ते त्या घरापाशी सावकाश जातं, आणि ते घर मागं पडेपर्यंत मी श्वास घेत नाही.