ओगुलगेरेकचा संशय

पुन्हा मुलगीच झाली म्हणून बापाने तिचं नाव ओगुलगेरेक ठेवलं, म्हणजे 'मुलगा हवा'. माणसांवरचा तिचा विश्वास तेव्हाच उडाला असावा. इराणातल्या आमच्या गोंबदच्या बाजारात टरबूज घेतानाही ती टरबुजाकडे कमी आणि विकणाऱ्याच्या डोळ्यांत जास्त बघायची. गालिचे विणण्यात जन्म गेला. लोकरवाला रंग पक्का म्हणाला, की ही धागा थुंकीने चोळून बघणारच.

घास गळ्याखाली अडकू लागला तेव्हा मुलगा बेगेंच तिला शहरात घेऊन गेला, ऑपरेशन झालं. "अल्सर होता, काढला," एवढंच त्याने सांगितलं. आमच्याकडे कॅन्सरचं नाव रोग्यासमोर काढत नाहीत. पण घास अडकून या गावातलं कोण कोण गेलं, हे तिला काय ठाऊक नव्हतं? त्यात भांडखोर सून जेरेन एकदम गोड बोलायला लागली. म्हातारीचा संशय पक्का झाला. नातीच्या लग्नासाठी मोठा गालिचा विणायचा होता, दोन वर्षांचं काम. तेवढं आयुष्य हातात आहे की नाही, हे कोणी धड बोलेना.

एका दुपारी बेगेंच शहरातून हसतच आला.

"आई, रिपोर्ट चांगला आलाय! गाठीचा तुकडा तपासला त्यांनी. त्यात गाठ वाढवणारी वाईट प्रथिनं कमी निघाली. असली गाठ सहसा परत येत नाही म्हणे."

"गाठ? अल्सरला गाठ कधीपासून व्हायला लागली रे?"

मग बेगेंचने सगळं कबूल केलं, कॅन्सरच होता.

"म्हणजे इतके दिवस तोंडावर खोटं बोललास. मग आजचं खरं कशावरून? आज परत कोपराला गूळ लावतोयस."

"नाही गं आई!"

तिने ताटातली रोटी पुढे सरकवली. "ठेव हात. म्हण, परत येणार नाही."

रोटीवर हात ठेवून खोटं बोलणाऱ्याला आमच्यात कोणी माणसात धरत नाही. बेगेंचने हात पुढे केला, आणि मागे घेतला.

"नाही म्हणवत," तो म्हणाला. "बऱ्याच जणांना परत होत नाही. कुणाकुणाला होतो. तुझं काय होईल, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही." त्याचे डोळे भरून आले.

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच या घरात कोणी तिच्याशी खरं बोललं होतं. तिला इतकं बरं वाटलं की रडूच फुटलं.

"जेरेनला बोलाव," ती डोळे पुसत म्हणाली. "मोठा माग मांडायचाय."