मानेवरचं निशाण

डॉक्टर म्हणाले, "हॉजकिन लिम्फोमा है." त्यावर आईचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे टीबी नाही ना, डॉक्टरसाब?" त्यांनी नाही म्हटल्यावर तिने सुटकेचा श्वास टाकला. मग डॉक्टरांना तो शब्द उच्चारावाच लागला. "माँजी, कैंसर है."

टीबी नाही म्हणून आईला हायसं का वाटलं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. तुमच्याही घरात लग्नाची मुलगी असेल तर जरा लक्ष देऊन वाचा.

माझ्या मानेच्या डाव्या बाजूला, कॉलरबोनच्या जरा वर एक गाठ आली. बोराएवढी, रबरासारखी, दाबली तरी न दुखणारी. दुखत नाही म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. न दुखणारी, न विरघळणारी गाठच जास्त संशयाची, हे मला फार उशिरा कळलं. इंदुरात तुकोगंजमधल्या सर्जनना मात्र हात लावताच कळलं असावं. म्हणाले, "पूरी गाँठ निकालकर बायोप्सी करेंगे." म्हणजे गाठ काढून ती प्रयोगशाळेत तपासायची.

आईने विचारलं, "निशान रहेगा क्या?"

"थोड़ा सा तो रहेगा."

आम्ही नमस्कार करून उठलो. कारण नेमकं तेव्हाच उज्जैनचं एक स्थळ सांगून आलं होतं. बघण्याच्या कार्यक्रमाआधी मुलीच्या गळ्यावर कट? "आधी ठरू दे, मग काय कापायचं ते कापा," आई म्हणाली. बाबांनी पेपर चेहऱ्यासमोर धरला, म्हणजे त्यांची संमती.

जुन्या इंदुरातल्या आमच्या घरच्या डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. गाठीत सुई टोचून थोडा नमुना घेतला. रिपोर्ट आला: पेशी पुरेशा नाहीत. आमच्या घरात त्याचा अर्थ 'काही निघालं नाही' असा लावण्यात आला. मानेत गाठ म्हणजे टीबीच असणार, म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. टीबी बदनाम खरा, आई त्याच्या धसक्याने अर्धी झाली होती. पण गोळ्या डब्यात लपतात, टाके लपत नाहीत.

लक्षणं काही कमी नव्हती. रात्री कपडे पिळून काढावेत इतका घाम यायचा. आई म्हणे, कूलरचं पाणी संपलं असेल. संध्याकाळी ताप यायचा. ती गोळ्यांची गर्मी. अंगाला खाज सुटायची. त्यावर कडुलिंबाच्या पाण्याची आंघोळ. वजन उतरलं त्याचं तर कौतुकच झालं. उज्जैनहून बघायला आलेल्या मुलाच्या आई मला न्याहाळून म्हणाल्या, "फोटोपेक्षा बरीच स्लिम आहे हो तुमची मुलगी!" आई इतकी खूश झाली की तिने त्यांना आणखी एक वाटी श्रीखंड वाढलं. ताप, रात्रीचा घाम आणि विनाकारण घटणारं वजन, लिम्फोमात या तिन्हींना डॉक्टर 'बी सिम्प्टम्स' म्हणतात.

मग आडवं झालं की दम लागायला लागला. एक्स-रेमध्ये छातीच्या मधोमध मोठी पांढरी सावली दिसली. या वेळी बायोप्सीसाठी मानेतली अख्खी गाठ काढली, तेव्हा निशाणाबद्दल कोणी विचारलं नाही.

कॅन्सरच्या डॉक्टरांनी मला शांतपणे समजावून सांगितलं. शरीरभर लसीकाग्रंथी असतात. त्यांतल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी बिघडून वाढत सुटल्या की लिम्फोमा होतो. त्याचे मुख्य प्रकार दोन. हॉजकिन बरेचदा तरुणांना होतो, मानेत किंवा छातीत सुरू होतो आणि सहसा शेजारच्या ग्रंथींत क्रमाने सरकतो. त्याची ओळख म्हणजे रीड-स्टर्नबर्ग नावाच्या मोठ्या पेशी. त्या गाठीत थोड्याच असतात, सुईला सापडतीलच असं नाही, म्हणून अख्खी गाठ काढायची. हे ऐकताना आई जमिनीकडे बघत होती.

दुसरा नॉन-हॉजकिन. ते एकच नाव असलं तरी आत कितीतरी आजार आहेत. 'डिफ्यूज लार्ज बी-सेल' आठवड्यांत फोफावतो, त्याला लगेच उपचार लागतात. 'फॉलिक्युलर' संथ असतो. गाठी वर्षानुवर्षं कमीजास्त होत राहतात आणि कधी कधी नुसतं लक्ष ठेवतात. काही प्रकार पोटात सुरू होतात. टी-सेलचे काही त्वचेवर चट्टे होऊन दिसतात, लोक मलम लावत बसतात.

"मग माझा बरा वाला आहे?" मी विचारलं. घाबरले की माझं मराठी असंच होतं.

"ज़्यादातर ठीक हो जाता है, बेटा. पर देर हो गई है, अब पेट की गाँठों में भी है. कीमो लंबी चलेगी."

मी जगेन की नाही, एवढंच मला विचारायचं होतं. विचारलं नाही, कारण आई रडत होती आणि तिच्यासमोर मला ते उत्तर ऐकायचं नव्हतं.

उज्जैनचे फोन आपोआप बंद झाले. कीमोच्या प्रत्येक फेरीला आई शेजारी बसून मोसंबी सोलायची. मला तिचा भयंकर राग यायचा, आणि ती पाणी आणायला उठली की भीती वाटायची. दोन्ही खरं होतं. शेवटचं, अख्ख्या शरीराचं पेट स्कॅन स्वच्छ आलं तेव्हा सगळे म्हणाले, देवाची कृपा. असेल. पण देवाने हाताला लागेल अशा जागी गाठ दिली होती, पुढचं आम्हीच लांबवलं.

केस कानापर्यंत आले तशी आई मला फोटो स्टुडिओत घेऊन गेली. नव्या बायोडेटासाठी. गळाबंद कुर्ता तिने आणला होता, मी तो घातला नाही. स्टुडिओवाल्याने स्क्रीनवर माझा चेहरा मोठा केला.

"मैडम, गले का ये निशान हटा दूँ?"

"हटा दो, भिया," आई माझ्याआधी बोलली.

आजारातून उठलेल्या माणसाने कोणाचे तरी आभार मानायचे असतात. मी त्या स्क्रीनकडे बघून म्हटलं, "रहने दो, भिया. हमारे घर में सच बस इसी ने बोला है."